बारा मीटरचा रस्ता आणि चाळीस आर जमीन: नाशिकमधल्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण अंबड-पाथर्डीच्या पट्ट्यातल्या एका गटाचं, म्हणजे एका सातबाऱ्यावरच्या जमिनीचं आहे. कुटुंब, बिल्डर, शेजारची कॉलनी यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. क्षेत्रफळं सोयीसाठी पूर्ण आकड्यांत घेतली आहेत, पण त्यानं गणिताची दिशा बदलत नाही. या कामात मी कुटुंबाच्या बाजूनं आर्किटेक्ट होते.

घरं परवडत नाहीत असं म्हटलं की सिमेंट, लोखंड, व्याजदर आणि बिल्डरचा नफा ही चार नावं हमखास निघतात. त्यात खोटं काही नाही. पण या गटावर कोणाला घर मिळणार आणि कोणाला नाही, हे यातलं एकही बिल येण्याआधी मोजणीच्या नकाशावर आणि रस्त्याच्या रुंदीत ठरत होतं.

पार्श्वभूमी

सातपूर आणि अंबडला कारखाने आले तेव्हा कामगारांच्या घरांचा विचार सरकारनं स्वतः केला होता. सिडकोनं आजच्या नवीन नाशकात एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. एक-दोन खोल्यांची घरं, हप्त्यानं, कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर. त्या घरांवर पुढे मजले चढले, त्याचे वाद आजही चालू आहेत, पण एक पिढी तिथे मालकीच्या घरात राहिली. नंतर सरकारी छोटी घरं दिसली ती चुंचाळ्याच्या घरकुलांसारख्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत. झोपडपट्टीत न राहणारा, पण पगार तुटपुंजा असलेला माणूस या दोन्हींच्या मधे अडकला. तो सिडकोतल्याच कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो.

आपला गट ५६ आरचा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली: थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि सिन्नरला दिलेली बहीण. जमीन काही वर्षं पडीकच होती. जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित विकास आराखड्यात गटाच्या पूर्वेच्या बांधावरून १२ मीटरचा डीपी रस्ता दाखवला होता. त्यात ५ आर जात होते, म्हणजे हातात ५१ आर, ५,१०० चौरस मीटर. पश्चिमेला नव्वदच्या दशकातल्या लेआउटची कॉलनी, रो-हाउस आणि बंगले, आणि तिचे रस्ते साडेसात मीटरचे.

डीपी रस्ता फक्त नकाशावर होता. गटापासून मुख्य रस्त्यापर्यंत मधे एका शेतकऱ्याचे ११ आर होते आणि त्यात फ्लॉवर उभा होता.

अडचण

डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकत्रित विकास नियमावली आली, जिला आम्ही सगळे यूडीसीपीआर म्हणतो. तिच्यात दोन गोष्टी या गटाला थेट भिडल्या.

पहिली रस्त्याची. गावठाणाबाहेरच्या भागात रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१० वर थांबतो. रस्ता १२ मीटरचा असेल तर मूळ १.१०, प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआर (रस्त्यात किंवा आरक्षणात जमीन दिलेल्यांना मोबदला म्हणून मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन ०.६५ असा २.२५ पर्यंत जातो. जमीन तीच, माती तीच, बांधकाम दुप्पट.

दुसरी, वीस टक्क्यांची. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत (नाशिकची २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाख होती) ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करायचा तर मूळ एफएसआयच्या २० टक्के बांधकाम ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या घरांसाठी ठेवावं लागतं. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात आणि त्यांची किंमत बाजारभावाशी नाही, तर रेडीरेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या बांधकाम खर्चाशी बांधलेली असते.

४,००० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावर चाळीस आर. एक एकर ४,०४७ चौरस मीटरचा. म्हणजे एकराचा मालक जेमतेम नियमात येतो, आणि एका वाटणीपत्रात नियमाबाहेर जातो. शहराच्या कडेला भावाभावांच्या वाटण्या इतक्या हिरिरीनं का होतात याचं सगळं श्रेय भाऊबंदकीला देऊ नये.

समोरचे पर्याय

थोरल्यानं पहिल्याच बैठकीत विषय काढला. जागेच्या एजंटानं त्याला आकडा सांगून ठेवला होता. "मॅडम, वाटणी करून टाकू. सत्तावीस आर पुढे, चोवीस मागे. घरात वाटणी तर कधी ना कधी व्हायचीच आहे, खोटं कुठे काय आहे?"

खोटं नव्हतंच. खरी कौटुंबिक वाटणी कोणी अडवू शकत नाही. मी त्यांना फक्त हिशेब मांडून दाखवला, आणि तो इथे पूर्ण देते, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरलं.

रस्ता झालाच नाही असं धरू. मग पूर्ण ५,१०० चौरस मीटरवर १.१० नं ५,६१० मिळतात. एकत्र राहिलात तर त्यातले २० टक्के, म्हणजे १,१२२ छोट्या घरांना. ते पूर्णच हातचे गेले असं धरलं तर उरतात ४,४८८. वाटणी केली तर ५,६१० चे ५,६१० तुमचे. एजंट बरोबर आहे.

आता रस्ता झाला असं धरू. एकत्र जमिनीवर २.२५ नं ११,४७५. त्यातून तेच १,१२२ वजा. वीस टक्के मूळ एफएसआयवर मोजायचे असल्यानं ही वजाबाकी वाढत नाही. उरले १०,३५३. आणि वाटणी केली तर? पुढच्या २,७०० ला २.२५ नं ६,०७५. मागच्या २,४०० ला रस्ता कॉलनीचा, साडेसात मीटरचा, म्हणून १.१० नं २,६४०. दोन्ही मिळून ८,७१५. म्हणजे २० टक्के वाचवायला जाऊन सोळाशे चौरस मीटरहून जास्त गमवायचे. प्रीमियम आणि टीडीआर फुकट मिळत नाहीत हे खरं, आणि रस्त्यात गेलेल्या ५ आरांचा मोबदलाही यात धरलेला नाही. पण बिल्डरनं त्याच्या पद्धतीनं हिशेब केला तेव्हा तोही याच बाजूला झुकला.

थोरला म्हणाला, मागच्याला पुढच्यातून रस्ता काढू. तोवर गप्प बसलेल्या बहिणीनं, ताईंनी विचारलं, "मागचा तुकडा माझा, असंच ना? आणि रस्ता कोणाच्या वाट्यातून जाणार?" दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटणीचा विषय त्या दिवशी तिथेच थांबला.

प्लॉट पाडून विकण्याचा पर्याय धाकट्याला आवडत होता, पैसे लवकर सुटतात म्हणून. पण तिथेही २० टक्के छोट्या प्लॉटची अट होती आणि तिघांना मिळून येणारी रक्कम बरीच कमी पडत होती. तो मागे पडला.

राहिला रस्ता. त्याच्या दोन वाटा होत्या.

एक, कॉलनीचा साडेसात मीटरचा रस्ता नऊचा करायचा. दोन्ही बाजूंच्या घरांनी पाऊण-पाऊण मीटर सोडायचा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा ठरवून हे करता येतं आणि सोडलेल्या जागेचा मोबदलाही मिळतो. कॉलनीच्या मारुती मंदिरात बैठक झाली. आम्ही समजत होतो की विरोध होईल तो म्हाडाच्या घरांना, आणि तसं बोलणारेही होतेच. "उद्या इथे कोण राहायला येईल सांगता येतं का?" हे वाक्य दोन-तीनदा आलं. पण बैठक त्यावर मोडली नाही. एका निवृत्त शिक्षिकेनं मला उठवून आपल्या फाटकाशी नेलं आणि जमिनीतलं लोखंडी झाकण दाखवलं. "अडीच फूट म्हणजे माझी टाकीच की हो. भिंत परत बांधीन, टाकी कुठे नेऊ?"

मग मी रस्त्यानं चालत गेले. जवळजवळ प्रत्येक फाटकाच्या आत तसंच झाकण होतं. पाण्याला दाब नाही म्हणून प्रत्येकानं जमिनीखाली टाकी केलेली, आणि नळजोड रस्त्याकडून येतो म्हणून ती कंपाउंडला चिकटून. मुकण्याची थेट जलवाहिनी विल्होळीपर्यंत आल्यावर पाणी सुधारलं, पण केलेल्या टाक्या कोण बुजवणार? कोणत्याही नकाशावर या टाक्या नाहीत. तो पर्याय त्या झाकणांपाशी संपला.

दुसरी वाट म्हणजे डीपी रस्त्यातले मधले ११ आर.

निर्णय आणि अंमलबजावणी

शेतकऱ्याला रोख मोबदला हवा होता. महापालिका टीडीआर द्यायला तयार होती: गावठाणाबाहेर दुप्पट, म्हणजे १,१०० चौरस मीटरच्या बदल्यात २,२००. या शेतकरी काकांचं म्हणणं सरळ होतं. "कागद घेऊन बसू आणि उद्या त्याचा भाव पडला तर? माझ्या मेव्हण्याचा कागद तीन वर्षं कपाटात आहे."

इथे जी जुळणी झाली ती या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट. बिल्डरला या गटावर ०.६५ च्या हिशेबानं ३,३१५ चौरस मीटर टीडीआर विकत घ्यायचाच होता. तो बाजारातून घेण्याऐवजी काकांचे २,२०० त्यानंच घ्यायचं ठरवलं. दोन्ही जमिनी एकाच शिवारात, रेडीरेकनरचे दर जवळपास सारखे, त्यामुळे वापरताना टीडीआर आक्रसणार नव्हता. दर आधी लिहून घेतला. विसार म्हणून एक हप्ता लगेच, उरलेले पैसे विकास हक्क प्रमाणपत्र हातात पडल्यावर. काकांच्या वकिलांनी एक अट घातली: प्रमाणपत्राला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तरी विसार परत मागायचा नाही. बिल्डरनं बरीच कुरकुर केली आणि मान्य केलं. काकांची स्वतःची अट एकच होती, फ्लॉवर निघेपर्यंत ताबा नाही.

या जुळणीत महापालिकेचा एक रुपया रोख गेला नाही. नकाशावरचा रस्ता मोकळा झाला. हे सुचायला कोणी तज्ज्ञ लागला नाही. बिल्डरच्या हिशेबनिसानं चहा पिताना काढलेली गोष्ट आहे.

महापालिकेच्या संबंधित विभागानं मुख्य रस्त्यापर्यंतचा ताबा सलग मिळाल्याशिवाय १२ मीटर धरायला नकार दिला. ते योग्यच होतं. पण २०२२ च्या सुरुवातीला नाशिकमधल्या या २० टक्के घरांचा हिशेब थेट विधिमंडळात गाजला, आणि त्यानंतर ४,००० च्या वरच्या प्रत्येक फाइलला जास्तीचे प्रश्न येऊ लागले. जे नियम पाळत होते त्यांच्याही. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. सभागृह नव्हतं, नगरसेवक नव्हते. कॉलनीवाले तक्रार घेऊन माजी नगरसेवकाकडे जायचे आणि तो त्यांना परत आमच्याकडे पाठवायचा.

फाटक कुठे उघडायचं

आराखड्यात छोट्या घरांची इमारत मागे गेली. खाली पार्किंगचा मजला, वर चार मजले, २४ घरं. पुढची जागा डीपी रस्त्यावरची, ती मोठ्या घरांना. यात नवल काही नाही, सगळीकडे असंच होतं. पण मागच्या इमारतीचं फाटकही मागेच, कॉलनीच्या रस्त्यावर दाखवलं गेलं. म्हणजे एकाच गटावर दोन दुनिया: पुढच्यांना १२ मीटर, मागच्यांना साडेसात.

कॉलनीनं हरकत घेतली. कारणं दिली ती पार्किंग आणि वर्दळीची. मंजुरी अडवण्याइतकं त्यात बळ नव्हतं, पण त्यांच्या हातात दुसरी दोरी होती. जमिनीचा उतार पश्चिमेला, त्यामुळे ड्रेनेजची लाइन कॉलनीच्या चेंबरला जोडणं स्वस्त पडत होतं. लाइन महापालिकेची, कायद्यानं कॉलनीची परवानगी लागत नाही. पण खोदायला गेलेल्या माणसांसमोर चार ज्येष्ठ नागरिक खुर्च्या टाकून बसले की काम होत नाही.

तोडगा धाकट्या भावानं काढला. ड्रेनेज कॉलनीतून जाईल, फाटक जाणार नाही. मागच्या इमारतीला गटाच्या उत्तर बाजूनं आतला रस्ता देऊन तिचं फाटक डीपी रस्त्यावर काढायचं. पुढच्या इमारतीच्या काही पार्किंगच्या जागा त्यात गेल्या आणि बिल्डरनं त्याचे पैसे कुटुंबाच्या हिश्शातून कापून घेतले. खुर्च्या उठल्या. कॉलनीला वाटलं आपण जिंकलो. माझ्या मते मागच्या २४ घरांना सगळ्यात जास्त फायदा याच निर्णयाचा झाला, आणि तो त्यांच्या भल्यासाठी कोणी घेतलेला नव्हता.

काय निष्पन्न झालं

गट हातात घेतल्यापासून छोट्या घरांचा ताबा मिळेपर्यंत कमी-जास्त चार वर्षं गेली. मोठी घरं शंभराच्या वर झाली, सगळी दोन आणि तीन बेडरूमची. त्यात एक बेडरूमचं एकही नाही. ताईंनी आपल्या हिश्शात तरी छोटी घरं घ्या म्हणून आग्रह धरला होता. बिल्डर म्हणाला, घर छोटं केलं तरी स्वयंपाकघर, संडास आणि लिफ्टचा खर्च घरटी तेवढाच राहतो. ते अर्धंच खरं आहे, पण ते खोडून काढायला लागणारा वेळ तेव्हा कोणाकडे नव्हता.

छोटं घर सोळा लाखांच्या आसपास पडलं. सोडतीत लागलेल्या २४ पैकी पाच जणांनी घर सोडलं आणि ती प्रतीक्षा यादीतल्यांना गेली. त्या पाचांतल्या एकाशी मी बोलले. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, सिडकोत दोन खोल्यांना साडेसहा हजार भाडं. तेरा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता अकरा हजार सातशे. पगाराची पावती सतरा हजारांची. बायको पोळ्या-भाजीचे डबे देते, त्याचे सात-आठ हजार महिन्याला येतात, पण त्याला कागद नाही. बँकेनं आठ लाखांपर्यंत तयारी दाखवली. खासगी वित्तकंपनी पूर्ण रक्कम द्यायला तयार होती, बारा टक्क्यांनी. हप्ता चौदा हजारांच्या वर. "घर लागलं म्हणून पेढे वाटले होते," तो म्हणाला, "आता सोसायटीत तोंड लपवतो."

जे राहायला आले त्यांना दुसरा हप्ता भेटला: देखभालीचा. लिफ्ट, पंप, रात्रीचा वॉचमन हा खर्च २४ घरांत वाटला की महिन्याला अकराशे रुपये घरटी येतात. पुढच्या इमारतींची सोसायटी वेगळी, पाण्याची टाकी मात्र सामाईक. टँकर मागवावा लागला तर बिल घरटी वाटायचं की चौरस फुटावर, यावर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण झालं.

वेगळं काय करता आलं असतं

मागच्या इमारतीखालचा पार्किंगचा मजला हा पहिला मुद्दा. राहायला आलेल्या बहुतेकांकडे दुचाकी आहे. मजला काढून तळमजल्यापासून घरं केली असती तर इमारत एका मजल्यानं बुटकी झाली असती आणि दुचाक्या पत्र्याच्या शेडखाली मावल्या असत्या. तेव्हा सगळ्यांनी पुढच्या इमारतीचाच नमुना मागे उचलला. छोटं घर म्हणजे मोठ्या घराची लहान आवृत्ती नव्हे, त्याचा चालू खर्च नकाशावरच ठरतो.

टाकी आणि देखभालीचं सूत्र सोडतीच्या आधी लिहून ठेवता आलं असतं. सोडतीत नाव लागलेला माणूस विचारतो तो किमतीबद्दल. महिन्याच्या खर्चाचा कागद त्याच्या हातात कोणी देत नाही.

कर्जाचं मात्र या गटावर बसून सुटण्यासारखं नव्हतं. तरी प्रतीक्षा यादीसकट सगळ्यांना कागदपत्रांसाठी आधी दोन महिने मिळाले असते, तर डब्यांचे पैसे बँक खात्यातून फिरवायला काहींनी तरी सुरुवात केली असती. पाचांतले दोघे हेच म्हणाले.

कॉलनीबरोबरची बैठक फार उशिरा घेतली गेली. टाक्यांची गोष्ट एका सकाळी रस्त्यानं चालून कळली. त्याआधी रस्ता नऊ मीटरचा धरून तीन आराखडे काढून झाले होते.

सध्याची स्थिती

डीपी रस्त्याचं खडीकरण झालं आहे, डांबर अजून नाही. काकांनी टीडीआरच्या पैशांतून उरलेल्या जमिनीला तारेचं कुंपण घातलं आणि आता त्यांच्याकडेही बिल्डर येऊन बसतात, कारण त्यांच्या बांधाला बारा मीटरचा रस्ता लागला.

त्या रस्त्यावर आणखी तीन गट आहेत. रस्ता मोकळा झाल्यानं तिन्हींना २.२५ चा एफएसआय खुला झाला. एक मुळात ३८ आरचा. दुसऱ्याची वाटणी या वर्षी झाली, दोन्ही तुकडे रस्त्याला लागून राहतील अशा बेतानं, लांबीच्या दिशेनं चिरून. तिसऱ्याची मोजणी लागली आहे, आणि त्या घरच्या थोरल्यानं मला गेल्या महिन्यात फोन करून विचारलं की चाळीस आरांतला रस्त्यात जाणारा भाग धरून मोजतात की सोडून.